मावशीचा मासा

माझ्या मावशीला बरोबर घेऊन कुठे लग्नाला जायचं म्हणजे डोक्याला ताप. रस्त्याच्या कडेला पाण्याचा पंप दिसला की तिची मान वळलीच म्हणून समजा. एकदा तर तिने चक्क बस थांबवायला लावली. आम्ही सगळ्या नव्या कपड्यांत, हातात भेटवस्तूंच्या पिशव्या, आणि ही बाई चिखल तुडवत एका परक्या माणसाच्या विहिरीवर. पंपाच्या पोटाखाली हात घालून तिने जरा चाचपलं आणि तिथूनच ओरडली, "माझाच आहे गं!"

पंपाचा मालक हातातलं काम टाकून धावत आला. त्याला वाटलं, चोर. मावशीने त्याचाच हात धरून पंपाखाली लावला. तिथे, नुसत्या बोटाला जाणवेल एवढा, एक मासा होता. दोन वाकड्या रेघा, शेपटीपाशी एकमेकींना छेदलेल्या. "हा मी बनवलाय," मावशी छाती पुढे काढून म्हणाली.

मालकही वस्ताद निघाला. "तुम्ही बनवलाय होय? बरं झालं भेटलात. मग गळतो का तो?"

मावशीचा चेहरा बघण्यासारखा झाला. लग्नात ती धड जेवलीसुद्धा नाही. पुढच्या सुट्टीला पान्ह्यांची पिशवी आणि मला घेऊन ती पुन्हा त्या विहिरीवर हजर. गळती थांबेपर्यंत जागची हलली नाही. मालकाने चहा दिला. म्हणाला, दुकानदाराने पंप विकल्यावर पुन्हा तोंड दाखवलं नव्हतं. मावशी म्हणाली, "दुकानदाराची खूण कुठे आहे त्याच्यावर? माझी आहे, म्हणून मी आले."

आमच्या कारखान्याची ही जुनी रीत. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबट शेड. दोन्ही भिंतींना लेथ, म्हणजे लोखंड गरगर फिरवून कातायची यंत्रं, मधून ढकलगाडी जाईल एवढी वाट आणि टोकाला साहेबांची काचेची केबिन. ज्याने नग कातला त्याने आतल्या कडेला आपला ठसा मारायचा. ठसाही ज्याचा त्याने करायचा. पोलादाची बोटभर सळई घ्यायची, टोकावर कानशीने खूण कोरायची, भट्टीत लाल करायची आणि तेलात बुडवायची. माझी खूण शिडी. सरळ रेघांपलीकडे मला काही कोरताच येत नव्हतं, म्हणून शिडी. नियम दोनच. दुसऱ्याची खूण कुणी पुसायची नाही. आणि नगावर शेवटचा हात ज्याचा फिरला, त्याने आपली खूण करायची. पुढे नग फुटला, गळला, तर शिव्या त्याच्या. हे कुठे लिहून लावलेलं नाही. लिहायची वेळच कधी आली नव्हती.

मावशी लेथवर आली तेव्हा तिथे बाई म्हणून ती एकटी. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, त्याच शेडमध्ये टर्नर, म्हणजे लेथवर कातणारे, होते. त्यांचा गुडघा गेला आणि ती म्हणाली, मी जाते. लोक हसले. कुणी म्हणालं, बाईचे केस यंत्रात अडकतील. मावशीने घरी जाऊन शिवणाच्या कात्रीने केस कानापर्यंत कापले आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसासमोर उभी राहिली. "आता काय अडकेल ते सांग." तो बिचारा काय सांगणार! तेव्हापासून तिचे केस तसेच. नवरा शिंपी होता, गरीब स्वभावाचा. तो गेला, मग माझी आई गेली, आणि मी मावशीकडे राहायला आले. मलाही तिनेच लेथवर उभं केलं, आणि पहिल्या वर्षात माझी जेवढी खरडपट्टी काढली तेवढी शाळेतल्या सगळ्या शिक्षकांनी मिळून काढली नव्हती.

आजचे आमचे साहेब हेसुद्धा तिच्याच हाताखाली तयार झालेले. तेव्हा ते साहेब नव्हते, नाकाने सूं सूं करणारा एक काटकुळा मुलगा होता. त्याने खूण म्हणून किल्ली कोरायला घेतली आणि झाला चमचा. त्यावरून त्याला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते सांगायला नको. पण माणूस जिद्दी. संध्याकाळचे वर्ग करून शिकला, आणि कारखान्याच्या मालकांनी त्याला केबिनमध्ये बसवलं. साहेब झाला त्याच दिवशी आपला ठसा त्याने मावशीच्या हातात दिला. "मला आता याचं काय काम, मावशी? तुमच्याकडे असू दे." मावशीने तो तेलाच्या फडक्यात गुंडाळून आपल्या खणात ठेवला. तिला त्याचा अभिमान होता. माझ्यापेक्षा जास्त होता, आणि त्याचा मला रागही यायचा.

मग पंपांचं काम आटलं. बाहेरून स्वस्त पंप यायला लागले आणि आमच्या अर्ध्या लेथवर कापडं चढली. साहेब दिवसभर फोनवर. कारखान्याला कुलूप लागणार, असं जो तो दबक्या आवाजात बोलायला लागला. असं चालू असताना एका सकाळी साहेबांनी सगळ्यांना मधल्या वाटेत बोलावलं आणि सांगितलं, काम मिळालंय, संरक्षण क्षेत्रातलं, मोठं, बरीच वर्षं चालेल असं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू?

सर्वांत जोरात मावशीने वाजवल्या. तिचा मुलगा, माझा मावसभाऊ, सैन्यात आहे. पूर्वी एकदा आम्ही आपल्या सैन्यासाठी तोफा ओढायच्या गाड्यांचे आस केले होते, आणि त्यांवर सगळ्यांच्या खुणा होत्या. दादा म्हणतो, त्याने मासा शोधण्यासाठी एकेका गाडीखाली सरपटत जाऊन पाहिलं आणि अधिकाऱ्याच्या शिव्या खाल्ल्या. मावशी हे येईल त्याला सांगायची. तेव्हा ती काही लढाईबिढाईच्या विरोधातली नव्हती. "माझ्या पोराने काय दगड मारायचे का?" असं तिने एका शेजाऱ्याला तोंडावर विचारलेलं मी ऐकलंय.

नव्या कामाचं ड्रॉइंग आलं. त्यावर नाव नव्हतं, नुसता आकडा. पोलादी नळकांडं, एका बाजूने निमुळतं, तोंडाला आटे. पाहताक्षणी कळत होतं की हा तोफगोळा आहे, पण शेडमध्ये सगळे त्याला डबा म्हणायला लागले. डबा झाला का, डबे किती राहिले. मावशी मात्र सरळ गोळा म्हणायची. आणखी एक सूचना होती, ती साहेबांनी दोनदा वाचून दाखवली. नगावर कारखान्याचं नाव, कामगाराची खूण, काहीही नको.

पहिली पाटी भरून मावशीने ती तपासणीच्या टेबलावर ठेवली. दुपारी साहेब आले, एक नग उचलला, आत बोट फिरवलं आणि डोक्याला हात लावला. प्रत्येकात मासा. सूचना तिने ऐकली होती, मान डोलावली होती आणि मग जन्मभर करत आली तेच केलं. नग उतरव, ठसा टेकव, हातोडी मार. हात आपला आपण चालला.

"अरे हो की!" मावशी खजील झाली. असं तिचं तोंड मी क्वचितच पाहिलंय. "म्हातारी झाले रे मी. थांब, काढून देते."

ती खरंच निघाली. पाटी उचलून लोखंड घासायच्या ग्राइंडरपाशी गेली, चष्मा चढवला, बटण दाबलं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे लोकांनी उठवलं की बाईने पहिल्यापासून कट केला होता. कट कसला! नग चाकाजवळ नेता नेता तिने सहज विचारलं, "पण का रे? आपल्या सैन्याला कधीपासून खूण चालेनाशी झाली?"

"हे आपल्या सैन्याचं नाही, मावशी."

"मग कुणाचं?"

"ते मलाही सांगितलेलं नाही. कोणीतरी मधला घेतो, तो पुढे देतो." साहेबांनी आवाज खाली आणला. त्यांना वाटत होतं ते चांगलीच बातमी देतायत. "तुमच्याच भल्याचं आहे. उद्या कुठे काही झालं, एखादा तुकडा कुणाला सापडला, तरी आपल्यापर्यंत कुणी येणार नाही."

मावशीने बटण बंद केलं. चाक फिरत फिरत थांबलं तशी ती साहेबांकडे वळली.

"म्हणजे," ती म्हणाली, "कुणीतरी विचारायला येईल असं काहीतरी होणार आहे. ते तुला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे. आणि मी आत्ताच पुसून ठेवायचं."

"मावशी, असं नका बघू."

"मग कसं बघू? तू दाखव."

तिने पाटी होती तिथे नेऊन ठेवली आणि शिफ्ट संपायच्या आत हात धुतले. हेही तिने आयुष्यात प्रथमच केलं असेल.

घरी आमचं कडाक्याचं भांडण झालं. ती भाजी चिरत होती आणि मी ओट्याला टेकून उभी होते. मी म्हटलं, तू नाही केलंस तर दुसरं कुणी करेल, गोळे काही थांबणार नाहीत. मी म्हटलं, साहेबाने हे काम आणलं नसतं तर शेडला कुलूप होतं, त्याने काय आपल्यासाठी विषाचा धंदा काढलाय का? आणि मी म्हटलं, दादासाठी बनवलेलं चालतं आणि दुसऱ्याच्या पोरासाठी चालत नाही, हे कुठलं शहाणपण? हा शेवटचा मुद्दा मला फार बिनतोड वाटला होता.

मावशीने सुरी खाली ठेवली.

"दादा जिथे उभा आहे तिथे समोरूनही गोळे येतात ना? तेही कुणीतरी कातलेच असतील. असेल एखादी माझ्यासारखी. केस कापलेली, पाठ दुखणारी. तिच्या गोळ्याने माझ्या पोराला काही झालं तर मी काय करीन ठाऊक आहे? तुकडा हातात घेऊन मी तिचं दार शोधीन. मारायला नाही गं. नुसतं विचारायला, की बाई, तू हा बनवलास तेव्हा तुला काय सांगितलं होतं? ती म्हणाली, माझ्या देशासाठी केला, तर मी रडेन, तिला शिव्या देईन आणि परत येईन. पण दारच नसेल तर? तिने आधीच पुसून ठेवलं असेल तर?" तिने डोळे पुसले नाहीत, माझ्याकडे रोखून पाहत राहिली. "कुणाची तरी आई असंच माझं दार शोधेल. तिला ते सापडलं पाहिजे. आणि मला तिला काहीतरी सांगता आलं पाहिजे. 'मला माहीत नव्हतं कुणासाठी' हे मी नाही सांगणार."

"मग नोकरीचं काय?"

"माझी गेली तर गेली. तू तुझं बघ. माझा हट्ट तुझ्या गळ्यात मी बांधणार नाही." आणि पुन्हा भाजी चिरायला लागली.

मला तिचा इतका राग आला होता की मी जेवायला बसले नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ती पाटी एका जुन्या टर्नरकडे दिली. त्याने नग हातात घेतला, मासा पाहिला आणि परत ठेवला. म्हणाला, माझा खांदा धरलाय. पुढच्याला दिली, त्याचं टूल नेमकं तेव्हाच मोडलं. तिसऱ्याला पोट दुखायला लागलं. साहेब माझ्याकडे पाहायला लागले तशी मी लेथ थंड ठेवायच्या तेलपाण्याच्या बादलीत तोंड घालून बसले. एकानेही नाही म्हटलं नाही आणि एकानेही नग चाकाला लावला नाही. मावशी आपल्या बंद मशीनपाशी हाताची घडी घालून उभी होती, कुणालाही काही सांगत नव्हती.

शेवटी साहेबांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, बाह्या दुमडल्या आणि स्वतः ग्राइंडरवर उभे राहिले. मला वाटलं होतं बोटं भाजून घेतील. पण नाही. हात तोच होता, मावशीने घडवलेला. नग हलका टेकवायचा, फिरवायचा, उचलायचा. ठिणग्या नेटक्या एका बाजूला पडत होत्या. एकेक मासा जात होता आणि मागे लखलखीत गुळगुळीत पोलाद राहत होतं. शेडमधली बाकीची यंत्रं कधी थांबली कळलं नाही.

शेवटचा नग पाटीत ठेवून त्यांनी चष्मा काढला. मावशी पुढे झाली. तिने आपल्या खणातून तेलकट फडकं काढलं, उलगडलं आणि तो जुना ठसा पाटीच्या कडेवर ठेवला. किल्ली. चमचा. जे काय ते. शेजारी हातोडी ठेवली.

"काम छान केलंस," ती म्हणाली. "शेवटचा हात तुझा. मार आता."

साहेबांच्या मानेवर घाम होता. "मी आता मशीनवर नाही, मावशी."

"मग आत्ता कोण होता?"

त्यांनी ठसा उचलला. खरंच उचलला, बोटांत धरला, टोकाकडे पाहिलं. मला वाटलं मारतात. मग त्यांची नजर आम्हा सगळ्यांवरून फिरली आणि चेहरा मिटला. "हट्ट पुरे. उद्यापासून येऊ नका तुम्ही."

"येणार नव्हतेच," मावशी म्हणाली. तिने आपला मासा खिशात टाकला, मशीनवरचा लोखंडाचा कीस झाडला, लोखंड पकडणारा चक पुसला, तेल दिलं, सगळं रोजच्यासारखं. मग मधल्या वाटेने चालत फाटकाबाहेर गेली. आमच्यापैकी कुणी तिच्याबरोबर गेलं नाही. साहेब ठसा मुठीत घेऊन केबिनमध्ये गेले.

मावशी घरी बसून खचली असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी तिला भेटायला यावं. तिने शेजारपाजारच्या सगळ्या नळांच्या तोट्या काढून बसवल्या, आणि प्रत्येक तोटीखाली मासा मारून ठेवला. लोक वैतागलेत. दादाचा फोन आला. सगळं ऐकून तो म्हणाला, "आई, आम्हाला डागायला येणाऱ्या गोळ्यांवर आकडे असतात. खूण नसते. मी आता बघून ठेवत जाईन कुठून आलेत ते." मावशीने फोन ठेवला आणि मला म्हणाली, पोरगा मोठा झाला.

मला तिने एका शब्दाने विचारलं नाही की तू जाणार का. मी जात राहिले.

सोमवारी नव्या खेपेच्या सळया माझ्या लेथपाशी आल्या. साहेब स्वतः आले. "तू समजूतदार आहेस," ते म्हणाले. "शिकलेली आहेस. मावशींची जागा तुला देतोय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशीची जागा म्हणजे काय त्यांच्या खिशातली सुपारी होती, द्यायला? पण मी मान डोलावली. तेव्हा काय करायचं ते माझं मलाच नक्की ठाऊक नव्हतं. काम सोडून घरी जाणं सोपं होतं. मग त्या सळया खांदा धरलेल्या टर्नरकडे गेल्या असत्या, आणि त्याने गुळगुळीत डबे काढून दिले असते, आणि सगळं सुरळीत झालं असतं. ते सुरळीत होणंच मला सहन होत नव्हतं.

पहिला नग कातून झाला. उतरवला, पुसला. चांगला झाला होता. माझा मलाच आवडला, ही या कामातली वाईट गोष्ट आहे. मी खणातून शिडी काढली, आतल्या कडेला टेकवली आणि हातोडी मारली. हळू मारता आली असती. मी नाही मारली हळू. पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज इथून तिथे गेला.

केबिनचं दार उघडलं. काचेतून मला त्यांच्या टेबलावर कागदांच्या कडेला पडलेला जुना ठसा दिसत होता. तो त्यांनी टाकून दिला नव्हता. ते माझ्यापाशी आले, नगात बोट फिरवलं. रागावले नाहीत. उलट आवाज मऊ करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सवयीने झालं असेल. होतं असं. काढून टाक, आपण विसरून जाऊ."

वाट मोकळी करून दिली होती त्यांनी. नुसतं हो म्हणायचं होतं.

"सवय मावशीला होती, साहेब," मी म्हटलं. "मी मुद्दाम मारलाय. पुसायचा असेल तर ग्राइंडर तिकडे आहे, आणि तुमचा ठसा तुमच्या टेबलावर."

मी दुसरी सळई चकात धरली आणि मशीन चालू केलं.